दंडावरचा सेन्सर आणि एनएचएस: कुणाला मिळतो, कुणाला नाही

मधुमेहात साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा, म्हणजे सीजीएमचा, खर्च एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा करते का? इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हा एकच प्रश्न सध्या वेगवेगळ्या वेषांत येतो आहे. व्हॉट्सॲपवरची उत्तरं वाचून काही जण हक्काचा सेन्सर मागत नाहीत, तर काही जण नसलेल्या हक्कासाठी जीपींशी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांशी, भांडतात. म्हणून निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. नियम इंग्लंडचे आहेत, स्कॉटलंड आणि वेल्सचा कारभार वेगळा.

प्रश्न: मला टाइप २ आहे, फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतो. जीपी सेन्सर लिहून देतील का?

सर्वसाधारणपणे नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) वेळेवर करून घ्या आणि काही शंका असेल तर जीपींनाच विचारा.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा. गेल्या महिन्यात टाइप १ निघाला. मंडळातले एक काका म्हणतात, सेन्सरसाठी दोन वर्षं थांबावं लागतं, तोवर बोटंच टोचा. खरं आहे का?

काकांची माहिती जुनी आहे. २०१९ मध्ये टाइप १च्या साधारण २० टक्के रुग्णांपुरतीच तरतूद होती, आणि तुमचा पोस्टकोड कुठला यावरही बरंच अवलंबून असायचं. मार्च २०२२ मध्ये नाइसने, म्हणजे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या संस्थेने, सूचना बदलल्या. टाइप १ असलेल्या प्रत्येक मुलाला सेन्सर देऊ करायचा, मोठ्यांनाही द्यायचा. त्यासाठी जीपींच्या रिसेप्शनवर खेटे घालू नका, हॉस्पिटलातल्या मुलांच्या मधुमेह-टीमला थेट विचारा. सेन्सर आणि पंप जोडून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारी हायब्रिड क्लोज्ड लूप यंत्रणाही डिसेंबर २०२३ पासून मंजूर आहे, तिचीही चौकशी त्याच भेटीत करा. ग्लुकोमीटर मात्र घरात हवाच. सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. मुलगा घामाघूम झालाय आणि सेन्सर सगळं ठीक दाखवतोय, असं असेल तर बोट टोचून बघायचं.

प्रश्न: आई ६८ वर्षांची, टाइप २, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. जीपींनी 'सेन्सर फक्त टाइप १ला' म्हणून परत पाठवलं. ती संकष्टी करते, अधूनमधून तिला गरगरतं. पण 'डॉक्टरांना सांगू नकोस, गाडी बंद करतील' म्हणते. काय करू?

जीपींचं म्हणणं चूक आहे. टाइप २मध्ये दिवसातून अनेक वेळा इन्सुलिन घेणाऱ्यांनाही सेन्सर देऊ करावा असं नाइसच म्हणतं. त्यासाठी पुढच्यांपैकी एक गोष्ट लागू पडायला हवी: साखर वारंवार किंवा गंभीरपणे खाली जाते, खाली गेलेली कळत नाही, विस्मरण किंवा अपंगत्वामुळे स्वतः बोट टोचून तपासता येत नाही, किंवा एरवी दिवसातून आठ वेळा तपासायला सांगावं लागलं असतं. इन्सुलिन घेणाऱ्या ज्या रुग्णांची साखर केअरर किंवा नर्स येऊन तपासते, त्यांचाही विचार होतो.

आता आईंच्या 'सांगू नकोस'बद्दल. हे मी क्लिनिकमध्ये सतत पाहते. मी विचारते, "हायपो होतो का?" म्हणजे साखर फार खाली जाते का. काकू म्हणतात, "छे हो, तसं काही नाही." शेजारी सून जमिनीकडे बघत बसलेली. आणि गोळ्यांची यादी काढायला काकूंनी पर्स उघडली की आत पार्ले-जीचा अर्धा पुडा आणि ग्लुकोजची पुडी! मग कॉम्प्युटरमध्ये नोंद होते, 'हायपो नाही.' सहा महिन्यांनी घरचे सेन्सर मागतात तेव्हा तीच नोंद आडवी येते. लपवलेल्या हायपोवर कुणी पैसे मंजूर करत नाही.

लायसन्सची भीतीही बरीचशी ऐकीव. इन्सुलिन सुरू आहे हे डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवायचंच असतं, ते कळवलंय का ते आधी बघा. साधी कार चालवणाऱ्याला १२ महिन्यांत जागेपणी एकाहून जास्त गंभीर हायपो झाले, म्हणजे दुसऱ्या कुणाला मदत करावी लागली, तर गाडी थांबवून डीव्हीएलएला सांगावं लागतं. स्वतःला कळलं, साखर खाल्ली, बरं वाटलं, एवढ्यावरून लायसन्स जात नाही. साखर उतरलेली कळतच नसेल तर मात्र आजपासून गाडी बंद आणि लगेच मधुमेह-टीमला फोन. यात भीड नको, रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुलं असतात.

दोन आठवडे वही ठेवा. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, काय वाटलं, इन्सुलिन किती घेतलं, आधी काय खाल्लं, कुणी मदत केली का. संकष्टीच्या दिवशी वेगळी खूण करा. दिवसभर जवळजवळ काही नाही आणि चंद्रोदयानंतर भरपूर जेवण, यात साखर दोन्हीकडे झोके घेते. त्या दिवशी डोस किती, हे चतुर्थीच्या आधी डायबेटिस नर्सला विचारा. घरच्या घरी डोस बदलायचा नाही, उपवास म्हणून सगळं इन्सुलिन चुकवायचं तर नाहीच. वही आणि मीटर घेऊन भेटा. तरीही नकार आला तर कारण लेखी मागा आणि हॉस्पिटलच्या टीमकडे पाठवायला सांगा.

प्रश्न: सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी पुण्याहून येताहेत. त्यांना इथे सेन्सर मिळेल?

एनएचएसकडून नाही. पर्यटकांना अशी सेवा फुकट नसते. (हेल्थ सरचार्ज भरून वर्क व्हिसावर आलेल्यांची गोष्ट निराळी.) पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र, पुरेसं इन्सुलिन, मीटर आणि पट्ट्या घेऊन येऊ द्या, आणि प्रवासविम्यात मधुमेह लिहा. सेन्सर आणणार असाल तर ॲप त्यांच्याच फोनवर तिथेच सुरू करून बघा. आणखी एक: इथले साखरेचे आकडे वेगळ्या एककात असतात. तिकडच्या आकड्याला १८ने भागायचं. तिकडचे १८० म्हणजे इथले १०, तिकडचे ७० म्हणजे इथले ३.९. इथल्या मीटरवर ६ बघून घाबरून साखर भरवल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

प्रश्न: कंपनीचा एक सेन्सर फुकट मिळाला, आवडला. आता एनएचएसला पुढचे द्यावे लागतील ना? नाहीतर साखर दाखवणारं घड्याळ घेऊ का?

नमुना फुकट देतात तो तुम्ही पुढचे विकत घ्यावेत म्हणून. त्याने निकष बदलत नाहीत. स्वतः घेणार असाल तर मधुमेहींना व्हॅटमाफी मिळते, ती विक्रेत्याकडे मागा. घड्याळ नको. त्वचेत काही न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेची औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलंत तर गाठ ॲम्ब्युलन्सशी.

प्रश्न: मला टाइप १ आहे, गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे. क्लिनिकची तारीख तीन आठवड्यांनी आहे. सेन्सरचं तेव्हाच विचारू ना?

नाही, आजच फोन करा. टाइप १ असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सेन्सर देऊ करावा, अशी नाइसची सूचना डिसेंबर २०२० पासून आहे. बाळाचे अवयव घडतात ते याच आठवड्यांत, त्यामुळे तारखेची वाट बघत बसायचं कारण नाही. हॉस्पिटलच्या मधुमेह-गरोदरपण टीमला 'नववा आठवडा, टाइप १, सेन्सर नाही' एवढंच सांगा. फोन लागला नाही तर मिडवाइफला गाठा आणि तिलाच तिथे फोन करायला लावा.