खडीच्या रस्त्यासाठी घरगुती ग्रेडर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घराकडे येणारा खडीचा रस्ता किंवा घरापुढचे आवार सपाट राखण्यासाठी स्वतःच ग्रेडर, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचा पाती बसवलेला लोखंडी सांगाडा, तयार करू पाहणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न जमा झाले आहेत. बहुतेकांना चिंता आहे ती वजनाची आणि ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीची. माझ्या मते खरी मेख सांगाड्याच्या लांबीत आणि पाते किती खोल चालते यात आहे, म्हणून त्या दोन मुद्द्यांवर अधिक विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे लहान ट्रॅक्टर आहे. त्यामागे ओढायचा सांगाडा घरीच वेल्डिंग करून घ्यायचा आहे. तो किती लांब आणि किती रुंद असावा?

रुंदीचा हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या बाहेरील कडांमधले अंतर मोजावे आणि त्यात दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर मिळवावेत, म्हणजे चाकांनी उमटवलेल्या खुणा मागून येणारा सांगाडा आपोआप पुसत जातो.

लांबीच्या बाबतीत मात्र अनेक जण हात आखडता घेतात आणि तेथेच काम बिघडते. ट्रॅक्टरला थेट टांगलेल्या पात्याचे काय होते ते पाहावे. पुढची चाके उंचवट्यावर चढली की मागच्या आसाच्याही पलीकडे असलेले पाते खाली दबते आणि जमिनीत रुतते. तीच चाके खड्ड्यात उतरली की पाते वर उचलले जाते आणि खडी सोडून देते. चालक कुशल नसेल, तर रस्त्यावरचे चढउतार नाहीसे होण्याऐवजी थोडे मागे सरकून नव्याने उमटतात. सांगाडा स्वतःच्या दोन लांब बाजूपट्ट्यांवर टेकून घसरत असेल, तर हा दोष राहत नाही. पट्टीचे पुढचे टोक ६ सेंटिमीटर उंचीच्या उंचवट्यावर चढले, तरी मागचे टोक मूळ पातळीवरच असते आणि त्यामुळे बरोबर मध्यावर बसवलेले पाते केवळ ३ सेंटिमीटर वर येते. दर फेरीला उंचवट्याचा माथा थोडा कापला जातो, ती खडी पात्यापुढे साठते आणि पुढचा खड्डा आला की त्यात पडते. चालकाला काहीही वरखाली करावे लागत नाही, हेच या साधनाचे मोठेपण आहे.

म्हणून रस्त्यावरील लाटांच्या दोन लगतच्या माथ्यांमधले अंतर मोजून बाजूपट्ट्या त्याच्या किमान दुप्पट लांब ठेवाव्यात, म्हणजे त्या सतत दोन तरी माथ्यांवर टेकलेल्या राहतात. लहान ट्रॅक्टरसाठी २ मीटर ही लांबी बहुतेक ठिकाणी पुरते. त्याहून लांब सांगाडा काम चांगले करील, पण फाटकाशी वळताना त्रास देईल.

वजनाचे गणित आधीच मांडून पाहावे. १०० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी मीटरला सुमारे ९.४ किलो भरते, त्यामुळे २ मीटरच्या दोन उभ्या बाजूपट्ट्या जवळपास ३८ किलोच्या होतात. १०० बाय १०० बाय १० मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनात दुमडलेली लोखंडी पट्टी, मीटरला सुमारे १५ किलो असतो. दोन पाती धरणारे त्याचे दीड मीटरचे दोन आडवे तुकडे ४५ किलो भरतात. पाती, पुढचा आडवा दांडा आणि नटबोल्ट धरले की सांगाडा शंभर किलोच्या आसपास जातो. सुरुवातीला एवढे पुरे असते. जड करण्याची सोय ठेवावी, पण आधीच जड करून ठेवू नये, कारण जोडलेले वजन काढता येते आणि जाड पोलाद वापरून वाढलेले वजन काढता येत नाही.

प्रश्न : पात्यासाठी ट्रकचे जुने कमानपाटे मिळाले आहेत. ते अँगलला वेल्ड करावेत का? आणि पाते बाजूपट्टीच्या खाली किती असावे?

कमानपाट्याचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगमधील पट्टीचे, पोलाद झिजेला उत्तम टिकते, परंतु त्यात कार्बनचे प्रमाण जास्त असते आणि पाणी देऊन ते कडक केलेले असते. अशा पोलादावर थंड अवस्थेत वेल्डिंग केले की जोडालगतचा भाग झटकन थंड होऊन ठिसूळ बनतो आणि पहिला मोठा दगड लागताच टाक्याच्या शेजारून तडा जातो. आधी तापवणे आणि नंतर सावकाश निववणे हा त्यावरचा उपाय असला, तरी घरगुती कामात तो नीट साधेलच असे नाही. शिवाय पाते हा झिजणारा भाग आहे. तो बदलता आला पाहिजे. म्हणून बोल्टच वापरावेत. कमानपाट्याला मध्यभागी मूळचे भोक असतेच; बाकीची भोके पाडण्यासाठी कोबाल्टचे ड्रिल, कमी वेग, भरपूर दाब आणि तेल लागते. वेग वाढवला तर ड्रिल नुसते घासत राहते, भोकाचा तळ निळा पडतो आणि त्यानंतर तेथे काहीही शिरत नाही. एवढा खटाटोप नको असेल, तर साधी १२ मिलिमीटरची पट्टी बसवावी. ती लवकर झिजेल, पण उलटी करून दुसरी कडही वापरता येते.

अँगलमधील भोके गोल न ठेवता उभी लांबट करावीत, म्हणजे पाते वरखाली सरकवून हव्या त्या खोलीवर कसता येते. पहिल्या फेरीसाठी पाते बाजूपट्टीच्या १० ते १२ मिलिमीटर खाली ठेवावे. पृष्ठभाग फारच घट्ट असेल, तर २५ मिलिमीटरपर्यंत जाता येते, मात्र तेथून पुढे ट्रॅक्टरची चाके जागीच फिरू लागतात.

पाती प्रवासाच्या दिशेला काटकोनात बसवू नयेत. साधारण २० ते ३० अंश तिरपी ठेवली की खडी पात्यापुढे नुसती ढकलली न जाता पात्यावरून लोळत एका बाजूला सरकते आणि या लोळण्यात बारीक व जाड खडी पुन्हा एकमेकांत मिसळते. दोन्ही पाती एकाच बाजूला तिरपी असतील, तर सांगाडाही खडीच्या विरुद्ध बाजूला सरकू पाहतो. एकमेकांविरुद्ध तिरपी असतील, तर हा जोर एकमेकांत जिरतो. सपाट आवारासाठी दुसरी रचना बरी, खडी मुद्दाम एका बाजूला न्यायची असेल तर पहिली. पात्यांसाठी भोकांच्या दोन जोड्या पाडून ठेवल्यास दोन्ही साधता येतात.

प्रश्न : रस्त्यावर आडव्या लाटा पडतात. ग्रेडर फिरवला की रस्ता छान दिसतो, पण थोड्याच दिवसांत त्याच जागी लाटा परत येतात. असे का?

त्याच जागी परत येतात, यातच उत्तर दडलेले आहे. लाटेचा तळ चाकांच्या माऱ्याने दगडासारखा घट्ट झालेला असतो. आपण माथे कापून ती सुटी खडी खळग्यांत भरता, म्हणजे घट्ट लाटांवर सैल पांघरूण घालता. चाके ती खडी उडवून देतात आणि खालची जुनी लाट उघडी पडते. त्यामुळे खळग्याच्या तळापर्यंत, शक्यतो त्याहून सेंटिमीटरभर खाली, संपूर्ण थर सुटा केल्याशिवाय हे दुखणे जात नाही. पात्याच्या पुढे १० ते १५ सेंटिमीटर अंतराने जाड गजाचे अणकुचीदार दाते बसवले की हे काम हलके होते. दाते फक्त थर फोडतात, पाती तो पसरतात. म्हणून थर सुटा झाल्यावर दाते काढून टाकावेत, नाहीतर ते शेवटपर्यंत चरे ओढत राहतात.

दुसरी बाब ओलाव्याची. कोरडी खडी पसरली तरी बसत नाही आणि चिखल झालेल्या थरात सांगाडा ओढला तर बारीक माल वर येऊन त्याची साय धरते. पाऊस उघडल्यानंतर वाफसा येतो, त्या सुमारास काम करावे. मूठभर माल दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, एवढा ओलावा योग्य. पसरून झाल्यावर ट्रॅक्टरची चाके दर खेपेला थोडी बाजूला सरकवत संपूर्ण रुंदीवरून नेली, तर रोलर नसला तरी थर बराच दबतो.

एवढे करूनही लाटा पडतील, पण उशिरा. २००७ मध्ये टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या संशोधकांनी वाळूच्या गोल फिरत्या थरावर साधे चाक चालवून दाखवले, की वाहनाला स्प्रिंग असो वा नसो, ठरावीक वेगाच्या वर चाक गेले की लाटा पडतात आणि त्या वेगाच्या खाली थर सपाट राहतो. घरातल्या मंडळींनी फाटकापासून गाडी हळू आणली, तर ग्रेडरचे काम निम्मे होईल. मात्र हा उपाय लोखंडापेक्षा अवघड आहे.

प्रश्न : वजनासाठी सांगाड्यावर माणूस उभा केला तर चालेल का?

मुळीच नाही. पाते दडलेल्या दगडाला अडकले की सांगाडा जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे, चाकांच्या दिशेने फेकला जातो. काँक्रीटचे ठोकळे ठेवून ते साखळीने आवळावेत.

प्रश्न : रस्त्याच्या मधोमध पाणी साचते. ग्रेडरने उतार काढता येईल का?

येईल, आणि काढलाच पाहिजे, कारण खडीचा रस्ता वाहनांपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक लवकर बिघडतो. अशा रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण ४ टक्के उतार लागतो. रस्ता ३ मीटर रुंद असेल, तर मध्य कडांपेक्षा ६ सेंटिमीटर उंच हवा. पाती एकाच बाजूला तिरपी करून एका कडेने जाताना आणि दुसऱ्या कडेने परत येताना माल मध्याकडे सरकवत राहावे. एक मीटर लांबीची सरळ फळी मध्याकडून कडेकडे आडवी धरून तिच्यावर पाणसळ ठेवावी. फळी समपातळीत असताना कडेकडील टोकाखाली ४ सेंटिमीटर फट दिसली पाहिजे.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील मिझुरी राज्यातले शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी उभा चिरलेल्या ओंडक्याचे दोन भाग एकामागे एक बांधून, पावसानंतर ते घोड्यांकडून तिरपे ओढून मातीचे रस्ते असेच मध्ये उंच केले होते.

कडेला एक गोष्ट हमखास राहून जाते. पात्याच्या टोकातून सुटलेल्या मालाचा लहानसा वरंबा कडेने तयार होतो आणि सगळे पाणी रस्त्यावरच अडवून धरतो. शेवटची फेरी केवळ तो मोडण्यासाठी ठेवावी. आवारात मात्र मध्य उंच करायचा नसतो. तेथे पाणी घरापासून दूर गेले पाहिजे, म्हणून भिंतीपासूनच्या पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार द्यावा.

प्रश्न : नदीतली गोल खडी टाकली आहे. ती कितीही सपाट केली तरी चाकाखाली सरकते.

गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे हा दोष ग्रेडरचा नव्हे, मालाचा आहे. क्रशरमधून आलेली, कोनदार, बारीक कच मिसळलेली खडी वर पसरून दोन्ही एकत्र करावी. मागवताना घनफळ काढावे : ३० मीटर लांब, ३ मीटर रुंद रस्त्यावर ५ सेंटिमीटरच्या थराला साडेचार घनमीटर माल लागतो आणि दबल्यावर तो थर पातळ होतो, म्हणून थोडा जास्तच घ्यावा.

प्रश्न : सांगाडा ओढताना पुढचा भाग वर उचलला जातो आणि पाते कापतच नाही. साखळी कोठे जोडावी?

ट्रॅक्टरकडील जोड उंच आणि साखळी आखूड असल्यामुळे ओढ वरच्या दिशेने लागते आहे. साखळी लांब केली की ओढ जमिनीला अधिक समांतर होते आणि पुढचा भाग खाली बसतो. याउलट पुढची कड जमिनीत खुपसत असेल, तर साखळी आखूड करावी. म्हणजे साखळीच्या कड्या मोजून कापण्याची खोली काही प्रमाणात बदलता येते. बाजूपट्ट्यांची पुढची टोके मात्र वर वळवलेली असावीत.

ट्रॅक्टरकडील जोड कोणत्याही परिस्थितीत मागच्या आसाच्या वर घेऊ नये. पाते अडकले आणि ओढ आसाच्या वरून लागत असली, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो, आणि हे चालकाला क्लच दाबायला उसंत मिळण्यापूर्वी घडते. जोड ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या आसाच्या खालच्या पातळीवर असलेल्या ओढण्याच्या दांड्यालाच, द्यावा. वेग चालणाऱ्या माणसाच्या वेगापेक्षा जास्त नको. सांगाडा उड्या मारू लागला की वेग जास्त झाला असे समजावे. साखळीने ओढलेला सांगाडा मागे ढकलता येत नाही, म्हणून वळायला जागा नसलेल्या आवारात साखळीऐवजी पिनांवर वरखाली हलणारा लोखंडी दांडा बसवून घ्यावा.