विचारा बाईंना : 'अरे-तुरे कर त्याला'

प्रश्न : बाई, विद्यापीठात जाण्याआधीच्या दोन वर्षांसाठी मी इंग्रजी भाषा आणि साहित्य हा विषय घेतला आहे. व्याकरण पक्कं आहे, अलंकार सगळे ओळखता येतात. पण कधी न वाचलेली कविता किंवा उतारा समोर आला की माझ्या हातून नुसता सारांश लिहिला जातो. पेपरवर शेरा येतो, 'गोष्ट सांगू नका, विश्लेषण करा.' म्हणजे नक्की काय करू?

उत्तर : अलंकार ओळखता येतात, तिथेच तर गोम आहे! तुझ्या वयाची असताना मी एका निबंधात 'इथे कवीने अनुप्रास वापरला आहे' असं ऐटीत लिहिलं होतं. सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'मग?' पुढे उपमा सापडली, तिथेही 'मग?' एका पानावर चार वेळा. तेव्हा भयंकर राग आला होता. पुढे मी स्वतः तोच शेरा मारत आले.

त्या 'मग?'चं उत्तर कसं शोधायचं ते एका ओळीवर दाखवते. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'मध्ये सर टोबी हा इरसाल माणूस भित्र्या सर अँड्र्यूला द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र लिहायला चिथावतो. म्हणतो, 'इफ दाउ दाउस्ट हिम सम थ्राइस, इट शॅल नॉट बी अमिस.' 'टोबी त्याला अपमान करायला सांगतो' एवढं लिहून तू पुढे जाशील. जरा थांब. 'दाउ' म्हणजे तू, आणि 'दाउस्ट' हे त्याच सर्वनामाचं केलेलं क्रियापद. आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे : अरे-तुरे करणे. 'त्याला दोन-तीनदा अरे-तुरे केलंस तरी हरकत नाही.' त्या काळी परक्या सभ्य गृहस्थाला 'यू' म्हणत. 'दाउ' जवळच्याला, हाताखालच्याला, नाहीतर मुद्दाम कमी लेखायचं त्याला. म्हणजे टोबी इथे शिवी सुचवतच नाही, नुसतं सर्वनाम बदलायला सांगतो. आणि गंमत बघ, हा सल्ला देताना तो अँड्र्यूलाही 'दाउ'च म्हणतोय. हे दोस्तीतलं 'दाउ', की ज्याच्या पैशांवर आपण मजा मारतो त्याला खिशात घातल्याचं? यावर परिच्छेदभर लिहिता येईल. ते भाषेच्या पेपरचं उत्तर की साहित्याच्या, मला तरी सांगता येत नाही.

तू-तुम्हीच्या भाषेत वाढल्यामुळे हा फरक तुझ्या कानाला चटकन कळेल. ज्यांना एकटं 'यू'च ठाऊक, त्यांना तो शिकवावा लागतो.

छंदाच्या बाबतीत मात्र हाच कान फसवतो. आपण लघु-गुरू मोजतो. इंग्रजी छंद आघातावर चालतो. 'रेकॉर्ड' हे नाम असलं की जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे 'सिलेबल'वर, शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), क्रियापद झालं की दुसऱ्यावर. आयँबिक पेंटामीटर या इंग्रजी छंदाच्या ओळीत साधारण दहा अवयव आणि पाच आघात. ओळ मोठ्याने म्हण, टेबलावर बोटाने ठेका धर, आणि ठेका चुकला तिथे पेन्सिलीने खूण कर. कवीने ताल मोडलाय तिथे बहुधा लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

परीक्षेत पहिल्या वाचनाला पेन हातात घेऊच नकोस. दुसऱ्या वाचनात सर्वनामं आणि काळ बघ : 'आय'चं 'वी' कुठे झालं, भूतकाळातून वर्तमानात उडी कुठे पडली. अवतरण दोन-तीन शब्दांचं पुरे. अख्खं कडवं उतरवणाऱ्यांची मला कीव येते; तेवढ्या वेळात एक मुद्दा लिहून झाला असता.

प्रश्न : इंग्रजी-मराठी शब्दकोश वापरलेला चालेल का? वर्गात 'नको' म्हणतात.

उत्तर : रोजच्या वाचनाला खुशाल वापर. जुन्या साहित्यासाठी मात्र ऑक्सफर्डचा मोठा कोश उघड. शब्दाचा अर्थ कोणत्या काळात काय होता, हे त्यात सालवार उदाहरणांनिशी दिलेलं असतं. 'नाइस' इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. तेव्हा जुन्या मजकुरात कोणी कोणाला 'नाइस' म्हटलं, तर लगेच त्याचं कौतुक झालं असं लिहून मोकळी होऊ नकोस.