‘माझं सॉफ्टवेअर तयार आहे, नोकरी सोडू का?’

प्रश्न : मी नऊ वर्षं स्टुडिओत टूडी अ‍ॅनिमेशन करतोय. टाइमलाइनशी रोजची झटापट नको झाली, म्हणून रात्री बसून स्वतःपुरतं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. आता तीन सहकारीही तेच वापरतात आणि म्हणतात, विकायला काढ. नोकरी सोडून यातच उतरावं का? जाता जाता एक : मग मी अ‍ॅनिमेटर राहीन ना?

उत्तर : ‘जाता जाता’ म्हणून जे विचारलंत, खरा प्रश्न तोच आहे. पहिली काही वर्षं नाही राहणार. मी नव्हतो राहिलो. माझं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती गेल्यावर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोजलं, तर वर्षभरात मी स्वतःसाठी ४० चित्रं काढली होती. सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी साडेतीन सेकंद भरत नाहीत. बाकीचा वेळ ‘पेनचा दाब ओळखत नाही’ आणि ‘अपडेटनंतर ब्रश हरवले’ यांना उत्तरं देण्यात गेला.

त्याच वर्षी सॉफ्टवेअरही बिघडायला लागलं. क्रॅश होत नव्हतं, उलट नवी बटणं येत होती. पण मी चित्रच काढत नव्हतो, तेव्हा कुठलं बटण हाताला नडतंय हे मला कळणार कसं? ओनियन स्किनचा, म्हणजे आधीची-नंतरची चित्रं खाली पुसट दिसतात त्यांचा, रंग बदलायला मी लोकांना तीन खिडक्या उघडायला लावत होतो आणि त्याला ‘सुटसुटीत मांडणी’ म्हणत होतो.

म्हणून आत्ता राजीनामा नको. आधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची एक फिल्म पुरी करा. पाच-सहा मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. वर्ष जाईल, जाऊ दे. दहा सेकंदांच्या चाचणीत सगळंच छान चालतं. मी एका फ्रेमचा वेळ सेकंदांत साठवला होता : सेकंदाचा चोविसावा भाग म्हणजे ०.०४१६६६…, न संपणारा आकडा. मी तो ०.०४१६७ वर तोडला आणि बेरीज करत गेलो. छोट्या सीनमध्ये फरक शून्य. फिल्मच्या पाचव्या मिनिटाला मात्र ओठ आवाजाच्या एक फ्रेम मागे पडले. दोन रात्री मी माझ्याच लिपसिंकला शिव्या देत होतो. आता वेळ फ्रेमच्या पूर्ण आकड्यातच मोजतो, सेकंद फक्त दाखवण्यापुरते.

दुसरी गोष्ट सांगायला आजही जड जाते. एका अ‍ॅनिमेटर बाईंची अकरा दिवसांची रफ ड्रॉइंगं माझ्यामुळे गेली. माझं ऑटोसेव्ह जुन्या फाइलवरच नवी फाइल लिहायचं. लिहिता लिहिता त्यांचा संगणक बंद पडला. जुनी पुसली गेलेली, नवी अर्धवट. नवी फाइल आधी बाजूला लिहायची, नीट उघडते का पाहायचं आणि मगच नावाची अदलाबदल करायची, एवढंच करायचं होतं. मी फोन केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘पुन्हा होणार नाही ना?’’ तुमच्या तीन सहकाऱ्यांच्या फाइलींचं काय होतं, ते आज रात्रीच तपासा.

आणि विक्रीचा विचार करण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीच्या काळात केलेलं काम कंपनीचं, असं कलम बऱ्याच करारांत असतं. रात्री घरी लिहिलं म्हणून सुटका होतेच असं नाही. स्टुडिओकडून लेखी घ्या. तोंडी ‘अरे, तुझंच आहे ते’ यावर विसंबू नका.

पैशाचं म्हणाल, तर ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरची हकिगत माहीत असू द्या. टॉन रोझेंडाल यांनी नेदरलँड्समधल्या आपल्या स्टुडिओच्या कामासाठी ते १९९४ च्या सुमारास लिहायला घेतलं. पुढे त्यावर कंपनी काढली, गुंतवणूकदार आले आणि २००२ मध्ये ते हात झटकून मोकळे झाले. तेव्हा रोझेंडाल यांनी वापरणाऱ्यांपुढेच झोळी धरली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. गुंतवणूकदार गेले तेव्हा वापरणारे जागेवर होते. तुमचे आज तीन आहेत.

प्रश्न : टूल कसं हवं ते माझ्या डोक्यात स्पष्ट आहे, पण प्रोग्रॅमिंग शून्य. आता शिकू का?

उत्तर : थोडं शिका, सगळं नको. नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन हे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले शास्त्रज्ञ. की पोझ, म्हणजे हालचालीतल्या मुख्य मुद्रा, कलाकाराने काढायच्या आणि मधली चित्रं संगणकाने भरायची, हे तंत्र त्यांनी उभं केलं. त्यावर १९७४ मध्ये ‘हंगर’ ही फिल्म झाली ती पीटर फोल्देस या चित्रकाराच्या हातून. तुम्ही फोल्देस असाल तर तुमचा बर्टनिक शोधा. त्याच्याशी बोलता येण्यापुरती पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र हवी. ब्लेंडरमध्ये त्याच भाषेत अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायची छोटी सोय, लिहिता येतं. निवडलेल्या सगळ्या कीफ्रेम दोन फ्रेम पुढे सरकवणारं एक बटण बनवून पाहा. तेवढ्यात कंटाळा आला, तर कळलंच.

प्रश्न : दहा वर्षं घातली आणि सॉफ्टवेअर चाललंच नाही तर?

उत्तर : जिम केंट अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर लिहायचे, ऑटोडेस्क अ‍ॅनिमेटर त्यांचंच. पुढे ते जीवशास्त्र शिकायला गेले आणि २००० मध्ये मानवी जनुकसंचाचे तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम त्यांनी महिनाभरात लिहून काढला. असं तुमचं होईल असं मी म्हणत नाही, माझं तरी कुठे झालं! माझं दुसरं सॉफ्टवेअर साफ पडलं. त्यातला ब्रशचा कोड मात्र उचलून पहिल्यात टाकला. लोक हल्ली त्याचंच कौतुक करतात.