ट्रायलच्या फॉर्मवर सही केली, म्हणजे हक्कांवर पाणी सोडले का?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. सहा वर्षे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘नवीन औषध आहे, फुकट मिळेल’ असे सांगून त्यांना एका क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचणीत, घेतले. अठरा पानी फॉर्म इंग्रजीत होता आणि वडिलांना इंग्रजी येत नाही. कोऑर्डिनेटरने बोट ठेवले तिथे त्यांनी सह्या केल्या. फॉर्मची प्रत आम्हाला मिळाली नाही. पाचव्या आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे पडले आणि नऊ दिवस त्याच रुग्णालयात दाखल करावे लागले. बिल आम्हीच भरले. ‘यकृत आधीपासूनच खराब होते’ असे आता सांगतात. ‘मी स्वेच्छेने बाहेर पडत आहे, माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेण्यासाठी कोऑर्डिनेटर सोमवारी घरी येणार आहे. वडील म्हणतात, ‘डॉक्टर चांगले आहेत, सोडून द्या.’ पहिल्या सहीमुळे आमचे हात बांधले गेलेत का?

उत्तर : ताई, सोमवार जवळ आला आहे, म्हणून आधी त्याबद्दल सांगते. त्या कागदावर वडिलांनी सही करू नये. ट्रायलमधून केव्हाही आणि कारण न देता बाहेर पडणे हा त्यांचा हक्कच आहे, त्याच्या बदल्यात ‘तक्रार नाही’ असे कोणी लिहून मागू शकत नाही. बाहेर पडायचे असेल तर साध्या कागदावर तेवढी एक ओळ लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्याआधी मात्र औषध एकदम बंद करणे सुरक्षित आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बाहेर पडल्यानंतरही काही दिवस यकृताच्या तपासण्या करून घेणे वडिलांच्याच हिताचे आहे.

आता पहिल्या सहीकडे वळू. त्या सहीने तुमचे हात बांधलेले नाहीत. ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ प्रमाणे माहितीपत्रक सहभागीला समजेल अशा साध्या भाषेत असावे लागते आणि त्याची व भरलेल्या संमतीपत्राची प्रत सहभागीला किंवा सोबतच्या नातेवाइकाला द्यावी लागते. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत. शिवाय सही उत्तम रीतीने घेतली असती, तरी तिने भरपाईचा हक्क गेला नसता. संमती म्हणजे धोका समजून घेऊन सहभागी होणे. इजा झाल्यावर तिचा भार स्वतः उचलेन, असे त्यात कबूल केलेले नसते.

मला अधिक खटकले ते ‘नवीन औषध आहे, फुकट मिळेल’ हे वाक्य. उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी औषध निवडतात. ट्रायलमध्ये बहुतेक वेळा कोणाला कोणते औषध, किंवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते आणि अनेकदा ते डॉक्टरांनाही माहीत नसते. हा फरक संमतीच्या आधी सांगावाच लागतो. तो सांगितला नसेल तर वडिलांनी उपचारांना होकार दिला, संशोधनाला नव्हे. उपचार करणारा आणि संशोधन करणारा डॉक्टर एकच असला की रुग्णाला नाही म्हणणे जड जाते. म्हणून अशा ठिकाणी जास्त काळजी घेणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आता बिल. रुग्णालय इथे गाडीच्या मागे बैल जुंपते आहे. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की इजा औषधामुळे झाली हे आधी सिद्ध करा, मग पैशांचे बघू. २०१९ च्या त्याच नियमांतील नियम ४० चा क्रम याच्या उलट आहे. ट्रायलदरम्यान सहभागीला इजा झाली की उपचारांचा खर्च स्पॉन्सरने, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीने, करायचा. संशोधक डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे प्रस्थापित होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर उपचार मोफत. ‘आधीपासूनच खराब होते’ असे कॉरिडॉरमध्ये तोंडी म्हटल्याने काहीही प्रस्थापित होत नाही. त्यामुळे भरलेले पैसे लेखी मागा.

आणि ते वाक्य त्यांच्याच अंगाशी येऊ शकते. ट्रायलमध्ये घेण्याआधी स्क्रीनिंगच्या रक्त तपासण्या होतात. कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या मंजूर आराखड्यात, लिहिलेले असते. स्क्रीनिंगमध्ये वडिलांचे यकृत ठीक होते, तर ‘आधीपासून’ हा बचाव लंगडा पडतो. ते बिघडलेले होते आणि प्रोटोकॉलप्रमाणे अशा माणसाला वगळायचे होते, तर प्रोटोकॉलचा भंग झाला, आणि प्रोटोकॉलभंगामुळे झालेली इजा ही ट्रायलशी संबंधितच मानली जाते. तो स्क्रीनिंग रिपोर्ट तुमच्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे.

वैद्यकीय कागदपत्रे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांना २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. अर्ज वडिलांच्या सहीने द्या. त्यात स्क्रीनिंगसकट सर्व रिपोर्ट, संमतीपत्र आणि माहितीपत्रकाच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड आणि ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी सक्तीची आहे आणि ती रजिस्ट्री कोणालाही ऑनलाइन पाहता येते. स्पॉन्सरचे नाव तिथे सापडेल. वडिलांना नेमके काय दिले गेले, हे पुढच्या उपचारांसाठी कळणे आवश्यक असेल, तर ट्रायलचा कोड, म्हणजे कोणाला काय मिळाले याची गुप्त नोंद, उघडण्याची विनंतीही त्याच अर्जात करा.

दुसरे पत्र एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलमधल्या सहभागींच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीला, द्या. अशा कमिटीत किमान सात सदस्य असतात आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. कायद्याची सदस्य म्हणून मी काही वर्षे एका कमिटीवर होते. तिथे जे कळायचे ते संशोधक डॉक्टरांकडूनच. सहभागीच्या घरून एकही पत्र आलेले मला आठवत नाही. म्हणून तुमचे पत्र जाऊ द्याच. त्यात एकच प्रश्न ठळकपणे विचारा : वडिलांना दाखल केले, ही ‘गंभीर प्रतिकूल घटना’ म्हणून कळवली का? बाह्यरुग्ण सहभागीला दाखल करावे लागले की ती घटना या व्याख्येत बसते. संशोधकाने ती २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरणाला, स्पॉन्सरला आणि कमिटीला कळवायची असते. कमिटीने आपला अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. या दुसऱ्या पत्राची प्रत दिल्लीला औषध महानियंत्रकांच्या कार्यालयाकडे पाठवा, कारण केंद्रीय परवाना प्राधिकरण तेच आहे. भरपाईचा आदेश तेच काढतात आणि आदेश मिळाल्यावर स्पॉन्सरला ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

रकमेबद्दल खोटी आशा लावत नाही. इजा पूर्ण बरी झाली तर त्याच नियमांच्या सातव्या अनुसूचीचे सूत्र असे : दाखल असलेले दिवस, गुणिले दिल्लीतील अकुशल कामगाराचे रोजचे किमान वेतन, गुणिले दोन. म्हणजे नऊ दिवसांसाठी अठरा दिवसांचे वेतन, बिलाची परतफेड वेगळी. यकृताला कायमची इजा झाली असेल तर हिशेब पूर्ण बदलतो आणि रक्कम कितीतरी मोठी होते. म्हणून ट्रायलशी संबंध नसलेल्या यकृततज्ज्ञाचे लेखी मत येईपर्यंत कोणतीही तडजोड करू नका.

हे नियम सहजासहजी आलेले नाहीत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्याचा एक अभ्यास झाला. पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे पुढे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. क्लिनिकल ट्रायलमधल्या ढिलाईविरुद्धची याचिकाही तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे होती.

राहता राहिले वडिलांचे ‘सोडून द्या’. तक्रार करायची की नाही, हे तेच ठरवतील, अर्जावर सहीही त्यांचीच लागेल. त्यांना एवढे सांगा की हे पत्र डॉक्टरांवरची फिर्याद नाही. त्याच ट्रायलमध्ये आणखीही माणसे आहेत, आणि तुमच्या घरातल्या नऊ दिवसांची नोंद झाली तर त्यांच्या यकृताची तपासणी वेळेत होईल. ते तरीही नको म्हणाले, तर त्यांचा शब्द शेवटचा. पण सोमवारी कोऑर्डिनेटर येईल तेव्हा तुम्ही घरी असा, आणि तो कागद सही न करता ठेवून घ्या.