महिन्याला तीनशे रुपये आणि घरची पुस्तकं

प्रश्न : मालक यंत्रमागावर कामाला आहेत, मी कांड्या भरते. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. दोघांनाही वाचायचं वेड आहे. महिन्याला तीनशे रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढता येतील. एकजण दारावर येऊन ज्ञानकोशाचा संच हप्त्यावर घ्या म्हणतो. घ्यावा का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, हप्त्याचा संच घेऊ नका. त्यातले दोन-तीन खंड उघडले जातात, बाकीचे तसेच कोरे राहतात आणि हप्ते मात्र सगळ्यांचे भरावे लागतात. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो, मुलीला तोच दाखवा.

मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तक परत आलं की मी त्याच्या मागची नोंद बघायची. काही पुस्तकांवर त्याच मुलाचं नाव पुन्हा पुन्हा असायचं. घरात घ्यायचं पुस्तक ते! म्हणून आधी तुमच्या गावातल्या आपटे वाचन मंदिराचं सभासद व्हा. पहिलं वाचन तिथल्या पुस्तकावर होऊ द्या. जे पुस्तक मूल दुसऱ्यांदा मागून आणेल, त्यालाच तुमचे कष्टाचे पैसे द्या.

पैसे कुठे वाचतात तेही सांगते. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं झाली की पुढच्या वर्षापासून त्याचं पुस्तक कोणालाही छापता येतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. त्यामुळे त्याच्या स्वस्त आवृत्त्या पुष्कळ. पण घेताना आत कुठे ‘संक्षिप्त’ छापलंय का ते बघा, दुसऱ्या आवृत्तीशी प्रकरणं ताडून बघा. आणि पुस्तक मधोमध उघडा. शिलाईचा दोरा दिसला तर वीस-तीस रुपये जास्त गेले तरी तेच घ्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक दोन मुलांच्या हातात वर्षभरसुद्धा टिकत नाही, हे मी फार पाहिलंय.

धाकट्यासाठी नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिका बघा. चित्रं उत्तम, किंमत कमी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. त्याची वर्गणी तुमच्या ऐपतीत बसेल, जुने अंकही संकेतस्थळावर फुकट मिळतात. कोल्हापूरला जाणं झालं तर शासकीय ग्रंथागारात, म्हणजे सरकारी पुस्तकं विकणाऱ्या दुकानात, डोकवा. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड सरकारनेच छापलेत. जाडजूड ग्रंथ, पण किंमत बाजारापेक्षा कितीतरी कमी. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत यातला एखादा तरी घरात असावा, असं मला मनापासून वाटतं.

रद्दीच्या दुकानाची लाज बाळगू नका. दिवाळी झाली की काही महिन्यांत दिवाळी अंक तिथे येऊन पडतात, मुलांचे अंकसुद्धा. जुनं पुस्तक घेताना शेवटची पानं शाबूत आहेत का बघा, कसरीने पाडलेली भोकं बघा. आणि एक कळकळीने सांगते : पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल आणि ‘निर्लेखित’ (म्हणजे वाचनालयाने नोंदीतून काढून टाकलेलं) असा दुसरा शिक्का नसेल, तर ते घेऊ नका. ते कोणत्यातरी वाचनालयातून गेलेलं असण्याची शक्यता असते. तिथले वाचक ते अजून शोधत असतील.

काचेचं कपाट लागत नाही. साधी फळी चालते, फक्त ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. तुमच्याकडे हवेत कापसाचे तंतू फार, म्हणून आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात पुस्तकांमागे वेखंडाचे तुकडे ठेवा.

मुलीला एक वही करायला सांगा : अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, कधी घेतलं, किंमत. शेजारच्या मुलांनी वाचायला नेलं की नाव आणि तारीख त्याच वहीत लिहायची, आणि पुस्तक परत आलं की तिनेच खोडायची.