कोर्टाची पायरी : ‘छातीत कळ येऊन गेला’

प्रश्न : ताई, माझ्या चुलतभावाला शेताच्या बांधावरच्या भांडणाच्या तक्रारीवरून रात्री घरातून नेलं. जीपमध्ये बसवतानाच काठ्यांनी मारलं, हे शेजाऱ्यांनी पाहिलंय. पहाटे निरोप आला, ‘छातीत कळ येऊन गेला, सिव्हिलला या.’ तिथे ‘आमचा कोणावर संशय नाही’ असं लिहिलेल्या कागदावर काकांची सही मागितली. काकांनी केली नाही. आता सांगतात, ए.डी. नोंदवली आहे, चौकशी चालू आहे, गुन्हा वगैरे काही होणार नाही. आम्ही काय करायचं?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा. त्या वेळी, त्या जागी सही नाकारायला काय लागतं, हे मी शवागाराबाहेरच्या बाकांवर बसून पाहिलेलं आहे. घरातलं माणूस गेलेलं असतं, कोणीतरी चहा आणून देतं, पाठीवर हात ठेवतं आणि त्याच हाताने कागद पुढे सरकवतं. ‘उन्हाच्या आत उरकून घ्या’ असंही सांगतात. घाई नेहमी त्यांना असते, तुम्हाला नाही.

ए.डी. म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. ती करावीच लागते, तिच्यात गैर काही नाही. पण ‘ए.डी. आहे म्हणून गुन्हा नाही’ हे जे तुम्हाला सांगितलं, ते कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कोठडीत माणूस मेला की पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करायची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १७६ (१अ) होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९६ आहे. या चौकशीची खबर नातेवाइकांना द्यायची आणि त्यांना हजर राहू द्यायचं, हेही त्याच कलमात आहे. बहुतेक घरांना हे माहीत नसतं. तुम्ही उद्याच त्या दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात अर्ज द्या : आम्हाला हजर राहायचं आहे, आमचे साक्षीदार अमुक अमुक. जीपजवळची मारहाण पाहिलेल्या शेजाऱ्यांची नावं त्यात घाला. पोलिसांसमोर बोलायला कचरणारा माणूस न्यायाधीशासमोर बऱ्याचदा बोलतो.

परभणीचं प्रकरण तुमच्या जवळचंच. १० डिसेंबर २०२४ ला तिथल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. सरकारी बाजूने श्वासाचा त्रास, छातीत दुखणं असंच सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र मृत्यूचं कारण होतं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तरी गुन्हा नोंदवला जाईना. शेवटी त्याची आई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश टिकला. नुसती एफआयआर नोंदवून घ्यायला त्या माउलीला सात महिने लागले. खटला, शिक्षा हे सगळं त्याच्या पुढचं. तेव्हा धीर धरा म्हणताना मी तुम्हाला खोटा धीर देत नाही.

आता शवविच्छेदनाविषयी थोडं सविस्तर, कारण अशी प्रकरणं बहुधा इथेच उभी राहतात किंवा पडतात. ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ हे वाक्य वाचून गप्प बसू नका. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोणीच मरत नाही, ती कशाने बंद पडली ते अहवालात शोधा. गोल काठीचा फटका बसला की कातडीवर रुळांसारख्या दोन समांतर रेषा उमटतात, मधली जागा फिकी राहते. पडून, धडकून असे वळ उठत नाहीत. तळपाय, मांड्यांची मागची बाजू, ढुंगण यांची नोंद अहवालात आहे का पाहा. मार बहुधा तिथे असतो आणि मृतदेह उताणा ठेवलेला असतो. खोल मार वरून दिसतही नाही, कातडीला छेद घेऊन पाहावं लागतं. छेद घेतला की नाही, ते अहवालात लिहिलेलं असतं. वळांचा रंगही बोलतो : ताजा तांबडा-निळसर, काही दिवसांनी हिरवट, मग पिवळा. ‘आधीच्या भांडणात लागलं असेल’ या बचावाला उत्तर इथे मिळतं. आणि एक, पायांवर-मांड्यांवर खूप मार बसला की चेचलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडतात. हाड एकही मोडलेलं नसताना माणूस दोन-तीन दिवसांनी जातो, आणि कागदावर ‘आजार’ येतो.

कोठडीतल्या मृत्यूचं शवविच्छेदन चित्रित करावं, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ पासून राज्यांना सांगितलेलं आहे. मृत्यूची खबर चोवीस तासांत आयोगाला गेली पाहिजे, ही सूचना त्याच्याही आधीची, १९९३ ची. चित्रफितीची प्रत लेखी मागा. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं म्हणून वेगळा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात ते १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवायला सांगितलंय. ‘नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येईल. येऊ द्या, लेखी येऊ द्या. अंत्यविधी अजून झाला नसेल तर दहनाची घाई करू नका. दुसरं शवविच्छेदन न्यायालयाकडून मागता येतं, राखेचं करता येत नाही.

फिर्याद ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, मग न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली अर्ज. नव्या संहितेने इथे एक पाचर मारून ठेवलीय : कर्तव्य बजावताना घडलेली गोष्ट असेल तर लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी वरिष्ठांचा अहवाल मागवायचा. त्यात वेळ जातो, म्हणून उच्च न्यायालयाचा रस्ताही वकिलांशी बोलून ठेवा. ‘सरकारची परवानगी लागते’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तो प्रश्न न्यायालय दखल घेतं तेव्हाचा, गुन्हा नोंदवण्याचा नाही.

भरपाई मिळाली तर घ्या, अवश्य घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून ती शासनाची जबाबदारी मानली जाते. ती घेतली म्हणजे प्रकरण मिटलं, असं गावातले पुढारी सांगतील. मिटत नाही.

प्रश्न : आरोपी पळत असेल, अंगावर येत असेल तर पोलिसांनी काय हात जोडून उभं राहायचं? बदलापूरच्या आरोपीला गोळी लागली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले. त्यात चुकलं काय?
– एक ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली

उत्तर : काका, हात जोडायला कोणी सांगत नाही. अटकेला विरोध झाला तर आवश्यक ते बळ वापरता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ तेच म्हणतं. पण त्याच कलमात पुढे आहे : ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. खरोखर जिवावर बेतलं तर स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, मात्र तो हक्क होता की नव्हता हे नंतर न्यायालय तपासतं.

बदलापूरच्या, म्हणजे शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीच्या बाबतीत २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत गोळीबार झाला. आरोपीने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं, असं सांगण्यात आलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्याच्या आई-वडिलांनी ‘आता आम्हाला हे लढायचं नाही’ असं सांगितल्यावरही मुंबई उच्च न्यायालयाने विषय सोडला नाही, न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) नेमला आणि एप्रिल २०२५ मध्ये विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. तुमच्या पेढ्यांबद्दल मला इतकंच म्हणायचं आहे : त्या दोन चिमुरड्यांच्या बाबतीत शाळेत काय घडलं, कोणी काय दाबलं, हे भर न्यायालयात सांगायला लागला असता असा माणूस त्या गाडीत संपला. नुकसान कोणाचं झालं?

प्रश्न : माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत. हे असलं वाचलं की झोप लागत नाही. उद्या यांच्या ड्युटीत एखादा आजारी आरोपी गेला तर? वरून साहेबांचा तोंडी हुकूम असला तर?
– एक गृहिणी, पुणे जिल्हा

उत्तर : वहिनी, कोठडीतला प्रत्येक मृत्यू म्हणजे खून नव्हे. दारू सुटल्याने येणारे झटके, मधुमेह, जुनं हृदयाचं दुखणं, गळफास, हे सगळं कोठडीत घडतं. अटकेविषयीच्या डी. के. बसू या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातल्या १९९६ च्या ज्या अटींना ठाण्यांत कटकट समजतात, त्याच तुमच्या मिस्टरांच्या कामी येतील. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीसह, अंगावर आधीच्या जखमा असतील तर त्यांची नोंद, नातेवाइकाला कळवल्याची वेळ, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. आरोपी पाणी मागतोय, गोळ्या मागतोय, उलटी करतोय, हे स्टेशन डायरीत वेळेसह यायला हवं, आणि दवाखान्यात नेलं तीही वेळ. ‘नाटक करतोय’ म्हणून रात्र काढली, तर त्याचा जाब पहारा देणाऱ्यालाही विचारला जातो.

साहेबांच्या तोंडी हुकमाचं मात्र स्पष्ट सांगते. मुंबईतल्या लखनभैया बनावट चकमकीच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला देऊन सांगितलं, की हुकूम होता म्हणून मारलं हा बचाव चालणार नाही. त्या माणसाला ११ नोव्हेंबर २००६ ला दुपारी वाशीतून उचललं होतं, संध्याकाळी वर्सोव्यात तो ‘चकमकीत’ मेला. पण भाऊ वकील होता. उचलल्याचं कळताच त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले, म्हणजे मृत्यू जाहीर होण्याआधीची वेळ कागदावर आली. २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप झाली, त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने १३ जणांची शिक्षा कायम ठेवली आणि आधी सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. पुढचं आता सर्वोच्च न्यायालयात. शिक्षा झालेल्यांत शिपाईही होते, आणि अशा प्रकरणांत वकिलाची फी साहेब भरत नाहीत.

तोंडी हुकूम आला तर मिस्टरांनी तो डायरीत लिहायची परवानगी मागावी. बहुतेक हुकूम तिथेच मागे घेतले जातात.