रोज कथा लिहायची सवय कशी लावावी?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून कथा लिहायला बसता, चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी वही बंद. मग रोज किती शब्द लिहावेत, आणि वेळ सकाळची बरी की रात्रीची? वेळेचं खाली सांगते. पण वही बंद का पडते ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझी सहा वर्षं बंद होती. वेळ नव्हता म्हणून नव्हे.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात दोन यंत्रमाग, साड्यांचे. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, रात्री नऊला माग थांबला की मग हात मोकळे. सीमाभागात हिवाळा आला की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, मांडवात शेतकरी आणि शाळेतली पोरं सगळी बसतात. 2013 साली अशाच एका संमेलनाच्या कथास्पर्धेला मी कथा पाठवली. कांड्या भरणारी एक बाई पहिल्यांदा एकटी बँकेत जाते, एवढीच गोष्ट. घरातून निघताना ती जावेला म्हणते, "मी जाऊन येतो ग, दार ओढून घे."

आमच्याकडे बायका असंच बोलतात. बेळगाव, चंदगड, कोल्हापूर, सगळीकडे. मी येतो, मी जातो, मी जेवलो. माझी आई तसं बोलली, सासूबाई तसं बोलतात, माझी मुलगी तसं बोलते.

परीक्षक बाहेरून आलेले होते. कथा परत मिळाली तेव्हा सात ठिकाणी "येतो"ला लाल गोल, आणि समासात लिहिलेलं: लिंग चुकले, व्याकरणाकडे लक्ष द्यावे. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. भाषणात त्यांनी नाव न घेता तेच वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, ही बाई आहे की बुवा? मांडव हसला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "मग काय म्हणायचं असतंय?"

घरी येऊन मी सात "येतो"चे सात "येते" केले. वाचून बघितलं तर ती बाई ओळखीचीच राहिली नव्हती, कुणी पाहुणी येऊन बसल्यासारखी. त्यानंतर जे लिहायला घेतलं ते असंच. वाक्य डोक्यात घरच्या बोलीत यायचं, मी ते पुण्याच्या मराठीत करून कागदावर उतरवायचे. रात्री चार ओळी व्हायच्या आणि डोकं दुखायचं. महिनाभराने सोडून दिलं.

2019 च्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाई त्यांच्या माहेरचं, खानापूरकडचं सांगत होत्या. पुलावर पाणी आलं म्हणून नवरी आठ दिवस माहेरीच अडकली, ती गोष्ट. हाताशी सुताच्या हिशोबाची वही होती. मागच्या पानांवर मी त्या बोलतात तसं उतरवत गेले. अर्ध्या तासात तीन पानं. सहा वर्षांत एवढं झालं नव्हतं.

तेव्हापासून रोज बसतो. (इथून पुढे घरात बोलतो तसंच लिहितो.)

माझे थोरले दीर शिक्षक आहेत. ते तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणतात, "छापून यायचं असेल तर प्रमाण भाषा पाहिजे." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर इथल्या सार्वजनिक वाचनालयातून प्रकाश नारायण संतांच्या कथा आणल्या. हे वाचनालय 1848 चं, त्याच्या पायऱ्या मी लग्नानंतर दहा वर्षांनी चढलो याचं वाईट वाटतं. संत म्हणजे आमच्या कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. पहिला संग्रह 1994 ला आला, तेव्हा पंचावन्न उलटलेली. गोष्टी सांगतो लंपन नावाचा लहान मुलगा. त्यातली माणसं आमच्याच बाजूचं कानडी वळणाचं मराठी बोलतात आणि साऱ्या महाराष्ट्राने ते प्रेमाने वाचलं. भाऊजींना पुस्तक दाखवलं तर म्हणाले, ती लहान मुलाची भाषा आहे म्हणून चालली. नाही भाऊजी. ती त्या मुलाची स्वतःची आहे म्हणून चालली. माझ्या बाईची तिची आहे, ती का चालू नये?

तर तुमचं. शब्द मोजू नका, एक पान धरा. वेळ घड्याळाची नको, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. माझं माग थांबल्यावर. कानातली खटखट अर्धा तास जात नाही, तोवर पान भरतंच. वाक्य अर्ध्यावर सोडून उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानं करायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. मोबाइलवर लिहू नका. कालचं वाचत बसू नका, ते महिन्याच्या शेवटी. आणि कथा पुरी व्हायच्या आत कुणाला दाखवू नका, भाषा दुरुस्त करणाऱ्याला तर मुळीच नको.

आता हेही सांगायला हवं की तुम्ही लहानपणापासून प्रमाण मराठीच बोलत असाल तर तुमची वही दुसऱ्या कशाने बंद पडत असेल, ते मला सांगता यायचं नाही. आणि बोलीत लिहायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाला सुट्टी नव्हे. ते मी मुलीच्या सातवीच्या पुस्तकावरून नव्याने शिकलो. निवेदन प्रमाण आणि बोलणं घरचं, असंही करता येतं, पुष्कळ जण करतात. मी बँकेची कथा परत लिहिली ती मात्र सगळी त्या बाईच्याच तोंडून. सातही "येतो" जागेवर आहेत. गेल्या रविवारी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बँकेत पैसे मिळाले काय तिला? ते सांगितलंच नाहीस की."

ते आज लिहायचं आहे.